रक्तवाहिन्यांचं ‘वय’ राहू द्या, आधी लघवी तपासा

प्रश्न: डॉक्टर मॅडम, आमच्या मालकांना आठ वर्षांपासून शुगर आहे. वय 47. पलूस तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. शुगरच्या गोळ्या चालू आहेत, तीन महिन्यांची शुगर मागच्या वेळी 7.9 आली. बीपी कधी 140, कधी 150 असतं, पण त्याची गोळी घेत नाहीत, म्हणतात एकदा लागली की जन्माची लागते. त्रास तसा काहीच नाही. गेल्या महिन्यात गावात शिबिर झालं. तिथं बोटाला चिमटा लावून मशीनमधून कागद काढून दिला, ‘रक्तवाहिन्यांचं वय 63’. तेव्हापासून त्यांची झोप उडालीय. लॅबवाले म्हणतात क्रिएटिनिन 1.0 आहे, किडनी एकदम ओके. पुतण्या म्हणतो पुण्याला नेऊन सीटी अँजिओग्राफी करा, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. माझ्या सासऱ्यांचा पाय शुगरनं गुडघ्याखाली काढावा लागला होता, म्हणून जीव घाबरतो. रक्तवाहिन्या खराब व्हायला लागल्यात हे वेळेवर कळतं का? दर पौर्णिमेला हे औदुंबरला अनवाणी चालत जातात, ते चालू ठेवायचं का? मलाही धाकट्याच्या वेळी शुगर निघाली होती, पण बाळंतपणानंतर गेली.
– एक वाचक, पलूस तालुका

उत्तर: ताई, वेळेवर कळतं. त्रास सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधी कळतं, आणि त्यासाठी पुणं गाठावं लागत नाही. पण तुमच्या पत्रात मला एक गोष्ट खटकली. मालकांच्या बोटाला चिमटा लागला, क्रिएटिनिन झालं, आता अँजिओग्राफीची चर्चा आहे. मात्र डोळ्यात थेंब घालून कुणी पडदा पाहिला, लघवीतलं अल्ब्युमिन मोजलं, किंवा चप्पल काढायला लावून पायाला हात लावला, असं एकदाही लिहिलेलं नाही. लिहायचं राहून गेलं असेल तर गोष्ट वेगळी. पण आठ वर्षांत ही तीन कामं झाली नसतील, तर ‘त्रास काहीच नाही’ या वाक्याला मी फारसा अर्थ देत नाही. या आजारात सुरुवातीचं नुकसान दुखत नाही.

आधी त्या चिमट्याचं बोलू, म्हणजे घरातली झोप तरी परत येईल. ते यंत्र बोटावर प्रकाश टाकून नाडीची लाट टिपतं. लवचीक धमनीतून लाट सावकाश जाते, ताठर धमनीतून झपाट्याने, हे शास्त्र खरंच आहे. संशोधनात ही मोजणी मानेपासून जांघेपर्यंत लाटेला लागणाऱ्या वेळावरून करतात, आणि सेकंदाला 10 मीटरपेक्षा वेग जास्त निघाला तर धमन्या ताठरल्या असं धरतात. बोटावरचं यंत्र मात्र अंदाज बांधतं आणि सरासरीशी ताडून एक ‘वय’ छापून देतं. हात गार असेल, नुकताच चहा किंवा तंबाखू झालेली असेल, मनात धाकधूक असेल, बीपी 150 असेल, तर आकडा सहज हलतो. मालकांचं बीपी तर मोकाटच आहे. म्हणजे त्या कागदाने जे सांगितलं ते दंडाच्या साध्या पट्ट्यानेही सांगितलं असतं. 63 वर विश्वास ठेवून काही सुरू करू नका, काही बंदही करू नका.

अशा कागदामागून पुष्कळदा ‘रक्तवाहिन्या साफ करणारा’ काढा नाहीतर सलाईनमधून दिलं जाणारं चिलेशन, म्हणजे शरीरातले धातू बांधून बाहेर काढणारं औषध, येतं. कुणी गळ घातली तर ठामपणे नाही म्हणा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेही रुग्णांवर चिलेशनची अमेरिकेत आणि कॅनडात मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात फायदा दिसला नाही.

आता मूळ बिघाड काय आहे ते थोडक्यात. शरीरातल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं, त्यामुळे वाहिनी सैलावते आणि रक्त सुरळीत वाहतं. याच शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की हे अस्तर थकतं, नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, वाहिनी आखडते आणि झिरपायला लागते. पहिल्यांदा लक्षात येतं ते अगदी बारीक वाहिन्यांत. तुमच्याकडे ठिबक असेलच, त्यात मेन लाइन ठणठणीत दिसत असते तेव्हाही ड्रिपर चोंदायला लागलेले असतात, तसंच. मोठ्या धमन्यांमध्येही बिघाड चालू असतो, पण तो तिथं उशिरा कळतो. म्हणून आपण बारीक वाहिन्या जिथं तपासता येतात तिथं आधी जायचं. अशा जागा दोन, मूत्रपिंडाची गाळणी आणि डोळ्याचा पडदा.

क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा. ते 1.0 आहे ही चांगली बातमी, ती नाकारत नाही. पण ‘किडनी एकदम ओके’ हे लॅबवाल्यांनी जरा जास्तच बोलून टाकलं. मूत्रपिंडाकडे एवढी ताकद राखीव असते की जवळपास अर्धं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मलच्या रकान्यात राहू शकतं. ते उशिरा ओरडतं. लवकर बोलते ती लघवी. गाळणीच्या बारीक वाहिन्या झिरपायला लागल्या की अल्ब्युमिन नावाचं प्रथिन थोडंथोडं लघवीत उतरतं. नेहमीच्या लघवी तपासणीतल्या पट्टीला एवढं थोडं अल्ब्युमिन सापडत नाही, रिपोर्टवर ‘निल’ येतं आणि सगळे खूश होतात. म्हणून चिठ्ठीवर ‘युरिन एसीआर’ असं स्पष्ट लिहून घ्या. अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं ते गुणोत्तर असतं. 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर ठीक. 30 ते 300 म्हणजे गाळणीने तक्रार केली आहे. 300 च्या वर गेलं तर प्रकरण बरंच पुढं गेलंय.

एसीआरला एक खोड आहे. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, आदल्या दिवशीचे अंगमेहनतीचे कष्ट, फारच चढलेली साखर किंवा बीपी, यातलं काहीही असलं की आकडा उगाच वर जातो. त्यामुळे ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत दिवसभर बागेत राबून दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली भरू नका. एक दिवस जरा विसावा घ्या, मग सकाळची पहिली लघवी द्या. आकडा वाढलेला आला तरी त्याच दिवशी शिक्का मारून घ्यायचा नसतो. तीन ते सहा महिन्यांत तीनदा तपासून दोनदा वाढलेला निघाला तरच खरा मानतात. आणि क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर ‘ईजीएफआर’, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतं त्याचा अंदाज, हा आकडाही मागून घ्या. तो तीन महिने 60 च्या खाली टिकला तर मूत्रपिंडाचा आजार धरतात. मालकांचं वय आणि क्रिएटिनिन पाहता तो सध्या चांगला यावा.

जाता जाता एक विचारते. फवारणी आणि छाटणीनंतर कंबर धरली म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी घेतात का? बागायतदारांकडे हे सर्रास चालतं. दुखण्यावरच्या या गोळ्या मूत्रपिंडाला मिळणारं रक्त कमी करतात. मधुमेह आणि चढतं बीपी सोबतीला असताना ही सवय तोडलीच पाहिजे.

डोळ्याकडे वळू. चिरफाड न करता शरीराच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या डॉक्टरांना थेट पाहता येतात अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. मधुमेहात तिथं पहिली खूण उमटते ती केसाएवढ्या वाहिन्यांवर आलेल्या सूक्ष्म फुग्यांची. तेव्हा नजर शाबूत असते, वर्तमानपत्र वाचता येतं, रात्री गाडी चालवता येते. दिसायला कमी यायला लागल्यावर डोळे दाखवायला येणारा माणूस बऱ्याचदा उशिरा आलेला असतो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली असं समजू नका. थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा बघायला हवा, किंवा पडद्याचा फोटो काढायला हवा. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं, उन्हाचा त्रास होतो, म्हणून येताना मोटारसायकल मालकांच्या हातात देऊ नका. टाइप 2 मधुमेहात ही तपासणी निदान झालं त्याच वर्षी करायची असते, मग दरवर्षी. तुमच्याकडे आठ वर्षं उलटलीत. मिरजेत 1894 पासून मिशन दवाखान्याची परंपरा आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांची वानवा सांगली-मिरजेला कधीच नव्हती. त्यामुळे ‘लांब पडतं’ ही सबब मी ऐकणार नाही.

आणि एक क्रम पाळा. शुगर झपाट्याने खाली आणायचा बेत असेल, इन्सुलिन किंवा नव्या इंजेक्शनांनी, तर त्याआधी पडदा बघून घ्या. आधीच नुकसान झालेलं असेल तर साखर एकदम उतरल्याने ते काही काळ बळावू शकतं. त्या भीतीने साखर चढीच ठेवायची असं मात्र नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना सोबत ठेवायचं एवढंच.

सासऱ्यांच्या पायाची आठवण तुम्हाला छळते, ते मी समजू शकते. पाय एका दिवसात जात नाही. आधी तळव्याची जाणीव बोथट होते, कारण मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बिघडलेल्या असतात. मग खडा, काटा, तापलेला डांबरी रस्ता जाणवत नाही. जखम होते ती कळत नाही, आणि मोठी धमनी अरुंद असेल तर भरतही नाही. मालकांना एक साधा प्रश्न विचारा. चालताना चप्पल पायातून निसटली तर लगेच कळतं, की चार पावलं पुढं गेल्यावर? रात्री तळपायांची आग होते का, मुंग्या येतात का, कापसावरून चालल्यासारखं वाटतं का? यातलं काही असो वा नसो, डॉक्टरांकडून वर्षातून एकदा पाय तपासून घ्या. 10 ग्रॅमचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून आणि 128 हर्ट्झने थरथरणारा धातूचा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून जाणीव बघतात. हा चिमटा मात्र कामाचा! पावलावरची आणि घोट्यामागची नाडीही हाताने बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. डॉक्टरांनी स्वतःहून केलं नाही तर सरळ खुर्चीवर पाय वर घ्या आणि म्हणा, बघा.

नाडी मंद लागली, किंवा थोडं चालल्यावर पोटरी आखडून थांबावं लागत असेल, तर घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी यांचं गुणोत्तर काढतात. 0.9 च्या खाली आलं तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात. पण मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती इतकी कडक होते की पट्ट्याने दबतच नाही, आणि गुणोत्तर फसवं, 1.4 च्या वर येतं. तो आकडा ‘फारच छान’ नसतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यावरचं बीपी मोजतात. तक्रार नसतानाही मधुमेहाला दहा वर्षं झाली असतील, किंवा डोळ्यात-लघवीत खूण सापडली असेल, तर हे करून घेणं योग्य.

राहिला औदुंबरचा प्रश्न. चालणं बंद करू नका, ते औषधच आहे. अनवाणी मात्र नको. पायांची तपासणी होईपर्यंत तर नाहीच, आणि जाणीव बोथट निघाली तर पुढंही नाही. मऊ बुटात सुती मोजे घालून जायचं, बूट घाटाशी उतरवायचे, मोजे पायात राहू द्यायचे. दत्त महाराज पायताणाचा हिशोब ठेवत नाहीत असं माझं मत, कुणाचं वेगळं असेल तर त्यांनी माझ्यावर रागवावं. घरी आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः बघा. फोड, भेग, लालसर डाग दिसला तर ब्लेडने खरवडणं नको, हळद भरून बांधणंही नको. हळदीच्या पेठेच्या जिल्ह्यात राहून हे लिहितेय, तरी लिहितेय.

आता पुतण्याचं. पोरगं काळजीने बोलतंय, पण छातीत काही तक्रार नसताना नुसतं मधुमेह आहे म्हणून सीटी अँजिओग्राफी करून फायदा होतो का, हे तपासून झालेलं आहे. अमेरिकेत तक्रार नसलेल्या 900 मधुमेही लोकांवर असा अभ्यास झाला आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. अँजिओग्राफी केलेल्यांमध्ये मृत्यू आणि हृदयाचे झटके लक्षणीय प्रमाणात कमी झाले नाहीत. कारण सापडलं काहीही, तरी करायचं बरंचसं तेच असतं, बीपी, कोलेस्टेरॉल, साखर, तंबाखू. शिवाय धमन्या फोटोत दिसाव्यात म्हणून त्यात दिला जाणारा डाय अशक्त मूत्रपिंडाला झेपेलच असं नाही. चढ चढताना दम लागायला लागला, छाती जड वाटली, तर मात्र गोष्ट बदलते. मधुमेहात हृदयाचं दुखणं नेहमीसारखं दुखत नाही, नुसता दम किंवा अवचित थकवा एवढंच दिसू शकतं.

एक खूण मालक तुम्हाला सांगतील, मला सांगणार नाहीत. शारीरिक संबंधात ताठरता कमी झाली असेल तर ते फक्त ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे बिघाड तिथं काही वर्षं आधी जाणवू शकतो. लाजेपायी पुरुष हे डॉक्टरला सांगत नाहीत आणि जाहिरातीतल्या गोळ्या घेतात. तुम्ही दोघं मिळून डॉक्टरांपुढं बोललात तर चांगलंच.

बीपीच्या गोळीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. मालकांना गोळी जन्माची लागण्याची भीती वाटते. ब्रिटनमधल्या मधुमेहींवरच्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात एका गटाचं बीपी सरासरी 144/82 ठेवलं आणि दुसऱ्याचं 154/87 राहिलं. फरक एवढाच, दहाच्या आसपास. पण पहिल्या गटात बारीक रक्तवाहिन्यांची गुंतागुंत 37 टक्क्यांनी कमी झाली. हे 1998 साली छापून आलंय. आज आपण 130/80 च्या खाली जायला सांगतो. त्याच अभ्यासातून हेही कळलं की मधुमेह ओळखला जातो त्या दिवशीच जवळपास निम्म्या लोकांमध्ये कुठली ना कुठली गुंतागुंत दिसते. म्हणजे मालकांची आठ वर्षं ही कागदावरची, साखर त्याआधीपासून चढत असणार.

लघवीत अल्ब्युमिन निघालं तर बीपीच्या गोळ्यांमध्येच मूत्रपिंडाला जपणाऱ्या गोळ्या असतात, आणि साखरेच्या नव्या गोळ्यांपैकी काही लघवीवाटे साखर बाहेर टाकताना मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही सांभाळतात. त्या कुणाला चालतात हे तुमचे डॉक्टर ठरवतील. चाळिशीनंतर मधुमेह असेल तर कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी रिपोर्ट फार वाईट नसला तरी बहुतेकांना देतात. व्हॉट्सॲपवर वाचून ती परस्पर बंद करणारे माझ्याकडे दर आठवड्याला येतात. आणि 7.9 ही शुगर सातच्या आसपास यायला हवी. तंबाखू-चुना चालू असेल तर वरच्या सगळ्या गोळ्यांचं काम अर्धवट राहतं. घरात मिश्री असेल तर तीही तंबाखूच.

आता तुम्ही. ‘धाकट्याच्या वेळी शुगर निघाली, पण गेली’ हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. ती गेलेली असते, पण वाट माहीत करून. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढं टाइप 2 मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो, आणि हृदयविकाराचाही वाढतो. बाळंतपणानंतर चार ते बारा आठवड्यांत ग्लुकोज पिऊन एक तपासणी करायची असते, पुढं आयुष्यभर एक ते तीन वर्षांनी. तुमची झाली का? झाली नसेल तर मालकांना घेऊन जाल त्याच दिवशी तुम्हीही उपाशीपोटी जा, आणि ग्लुकोजनंतर दोन तासांची साखर करून घ्या. नुसत्या तीन महिन्यांच्या शुगरवर विसंबू नका, कारण लोह कमी असलेल्या बाईत तो आकडा चुकवतो. सोबत हिमोग्लोबिन आणि बीपी. गावच्या सरकारी उपकेंद्रात तिशीपुढच्यांची साखर आणि बीपी मोफत बघतात, सुरुवात तिथून करा. मधुमेह निघाला तर वरचं सगळं तुम्हालाही लागू.

हे सगळं दोन-चार आठवड्यांत सवडीने केलंत तरी चालेल. पण काही गोष्टींना सवड नाही. पायाला जखम होऊन दोन दिवसांत सुकत नसेल, बोट काळं-निळं किंवा गार पडलं असेल, एका डोळ्यापुढं अचानक पडदा किंवा काळे ठिपके आले असतील, तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत दाब, घाम, अवचित दम, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यात तर दिवसही नाही. 108 ला फोन करा आणि झटका किंवा लकव्यावर उपचार होतील अशा मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगा, गावातल्या डॉक्टरांकडे थांबून सलाईन लावण्यात वेळ घालवू नका.